'रोख द्या, भाव एकच' : एचिगोया नावाच्या दुकानाची गोष्ट

आपल्याकडील कित्येक दुकानांत 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी दिसते. गिऱ्हाईक ती वाचून हसते आणि दुकानदाराच्या वहीत आपल्या नावे आणखी एक ओळ लिहवून घेते. सतराव्या शतकात एडो शहरात (म्हणजे आजच्या तोक्योत) एका कापडदुकानदाराने याच आशयाची घोषणा केली, आणि ती शब्दशः पाळली. त्याचे नाव मित्सुई ताकातोशी, दुकानाचे नाव एचिगोया. 'व्यापारी धोरण' हा शब्द आज फार सैलपणे वापरला जातो. धोरण म्हणजे नेमके काय, हे या दुकानाच्या व्यवहारातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते. म्हणून आजचा हा धागा.

ताकातोशीचा जन्म 1622 चा, इसे प्रांतातील मात्सुसाका गावचा. घरी मद्य आणि मिसो विकण्याचा व गहाणवटीचा धंदा होता आणि तो प्रामुख्याने त्याची आई सांभाळत असे. चौदाव्या वर्षी तो एडोला थोरल्या भावाच्या दुकानी उमेदवारीस गेला. तिथे त्याने इतकी चुणूक दाखवली की भावालाच त्याची धास्ती वाटू लागली, असे घराण्याची परंपरा सांगते. 1649 मध्ये आईची देखभाल करण्यासाठी त्याला गावी परत पाठवण्यात आले. पुढची चोवीस वर्षे तो मात्सुसाकातच होता. तिथे त्याने सावकारी केली, भांडवल जमवले आणि मुलांना एकेक करून एडोला धंदा शिकायला धाडले. 1673 मध्ये थोरला भाऊ वारला. त्याच वर्षी, वयाची पन्नाशी उलटल्यावर, ताकातोशीने एडोत स्वतःचे दुकान उघडले. दुकानाचा दर्शनी भाग जेमतेम नऊ फुटांचा होता. खरेदीसाठी क्योतोत वेगळी पेढी काढून ती थोरल्या मुलाच्या हाती दिली. स्वतः ताकातोशी मात्र बराच काळ मात्सुसाकातूनच सूत्रे हलवत होता.

त्या काळी एडोतील बडे कापडव्यापारी माल विकत तरी कसे? दाइम्यो, म्हणजे सरंजामदार, आणि श्रीमंत सामुराई यांच्या वाड्यांवर नोकरांकरवी ठाण पाठवले जाई. पसंती होई, घासाघीस होई आणि पैसे वर्षातून एकदा किंवा दोनदा, ठरलेल्या सणाच्या सुमारास मिळत. कधी मिळतही नसत. त्यामुळे किमतीतच व्याज, बुडीत रकमेची भरपाई आणि घासाघिशीला वाव असे तिन्ही बोजे आधीच चढवलेले असत. कापड अख्ख्या ठाणानेच विकले जाई. ठाण सुमारे अकरा-बारा मीटरचे, म्हणजे एका किमोनोपुरते. एडोत त्या वेळी कारागीर, छोटे दुकानदार आणि हमाल यांची संख्या झपाट्याने वाढत होती, पण या दुकानांच्या लेखी ते गिऱ्हाईकच नव्हते.

ताकातोशीने नेमके तेच गिऱ्हाईक धरले. भाव एकच, तो सर्वांना सारखा, पैसे रोख, आणि हवे तेवढेच कापड कापून मिळेल. गिऱ्हाईक थांबले असता तातडीचे कपडे शिवून देण्याचीही सोय होती. इहारा सैकाकुने 1688 च्या आपल्या व्यापारी कथांच्या संग्रहात या दुकानाचे वर्णन केले आहे. चाळीसहून अधिक कारभारी, आणि प्रत्येकाकडे एकाच प्रकारच्या कापडाची जबाबदारी. सैकाकु कथालेखक होता हे विसरू नये. पण समकालीन वाचकांना हे दुकान अद्भुत वाटत होते, एवढे त्यावरून निश्चित कळते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. लोकप्रिय लेखांत हे सारे 1673 सालीच, एका रात्रीत सुचल्यासारखे लिहिलेले असते. वस्तुस्थिती तशी नाही. सुरुवातीच्या वर्षांत एचिगोयाचा मोठा भर इतर प्रांतांतील व्यापाऱ्यांना माल विकण्यावर होता. 'रोख विक्री, चढा भाव नाही' असे जाहीर करणारी हस्तपत्रके वाटली गेली ती 1683 मध्ये, सुरुगाचो भागातील नव्या जागेत दुकान हलवल्यावर. जुने दुकान आगीत जळाले होते. शिवाय प्रतिस्पर्ध्यांनी बहिष्कार घातला होता. शेजाऱ्याने मुद्दाम स्वयंपाकघराच्या तोंडाशी शौचकूप बांधल्याची हकीकतही मित्सुईंच्या परंपरेत येते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, जुन्या पेढ्यांना हा माणूस किती झोंबला होता हे तीतून समजते.

आता रोख विक्रीचा खरा अर्थ पाहू. पैसा वर्षभर अडकून पडत नाही, तो पुन्हा पुन्हा मालात गुंतवता येतो. म्हणून प्रत्येक ठाणावर नफा कमी ठेवला तरी वर्षाचा एकूण नफा वाढतो. इथपर्यंत कोणीही सांगेल. अधिक रोचक भाग पुढे आहे. एडोत व्यवहार सोन्यात चाले, ओसाका-क्योतोत चांदीत. एचिगोयाजवळ एडोत सोने जमे आणि क्योतोच्या निशिजिन भागातील विणकरांना द्यायला चांदी लागे. उलट, शोगुनच्या सरकारची चांदी ओसाकात गोळा होई आणि ती धोक्याच्या वाटेने एडोला न्यावी लागे. ताकातोशीने 1683 मध्येच कापडदुकानाजवळ सराफी पेढी काढली होती. 1691 च्या सुमारास मित्सुईंना सरकारी रकमेच्या हुंडीचे काम मिळाले. त्यांनी ओसाकात सरकारची चांदी घ्यायची आणि ठराविक मुदतीनंतर एडोत तेवढ्या मोलाचे सोने भरायचे.

मधल्या मुदतीत ती चांदी बिनव्याजी वापरता येई! तिच्यातून क्योतोत कापड घ्यायचे, ते एडोत रोखीने विकायचे आणि आलेल्या सोन्यातून सरकारचा भरणा करायचा. आपल्या हुंडीव्यवहाराशी परिचय असलेल्यांना ही गंमत चटकन उमजेल. मुदतीच्या आत सोने हाती येण्याची खात्री होती ती रोख विक्रीमुळेच. उधारीवर विकणाऱ्या पेढीने हेच काम अंगावर घेतले असते, तर पहिल्याच सणाला तिचे दिवाळे निघण्याची भीती होती. म्हणजे पाटीवरचे ते चार शब्द आणि सरकारी हुंडीचे कंत्राट या एकाच यंत्राच्या दोन बाजू होत्या. इतर दुकानदार पाटीची नक्कल करू शकत होते, आणि पुढे अनेकांनी ती केलीही. सगळे यंत्र उभारणे मात्र अवघड होते.

ताकातोशी 1694 मध्ये वारला. मुलांनी मालमत्ता वाटून न घेता एकत्र ठेवली आणि 1710 मध्ये सर्व दुकानांवर देखरेख करणारे मध्यवर्ती कार्यालय स्थापले. 1720 च्या दशकात त्याचा नातू ताकाफुसा याने एक विलक्षण टिपण सिद्ध केले. त्यात क्योतोतील बुडालेल्या व्यापारी घराण्यांच्या हकीकती आहेत, त्यांपैकी बरीच घराणी दाइम्योंना कर्जे देऊन बुडाली. मला हा ग्रंथ यशोगाथांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण बुडालेल्यांची नोंद सहसा कोणी ठेवत नाही.

तरीही मित्सुईंनी स्वतः एका दाइम्योला कर्जे देणे कधी थांबवले नाही. तो होता किशूचा तोकुगावा सरदार. मात्सुसाका त्याच्याच अमलाखाली होते; तिथे नकार देण्याची मुभा नव्हती.