निदानाआधीची नोंद : शिकागो, नागपूर, रायपूर

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या आजाराचे निर्मूलन करायचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तेव्हापासून तपासण्यांचे आकडे अधूनमधून बातम्यांत येत असतात. किती जणांचे रक्त तपासले गेले हे त्यांवरून कळते. पण तपासलेला माणूस पुढे आजारी होऊन रुग्णालयात येतो, तेव्हा डॉक्टर केसपेपरवर काय लिहितात? या आजाराच्या इतिहासात हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे.

रायपुरात पंडरी म्हटले की प्रथम कापडबाजार आठवतो; जिल्हा रुग्णालयही याच भागात आहे. छत्तीसगड आणि शेजारचा विदर्भ हे दोन्ही सिकलसेलचे प्रदेश. समजा, येथल्या कोणत्याही जिल्ह्याच्या रुग्णालयात रात्री अकरा वाजता वीस वर्षांचा एक तरुण येतो. मांड्या व पाठ असह्य ठणकत आहे, अंगात ताप आहे, डोळे पिवळसर दिसतात. कर्तव्यावरील निवासी डॉक्टर 'सांधेदुखी' लिहू शकतो, 'कावीळ' लिहू शकतो किंवा 'रक्तक्षय' लिहू शकतो. तिन्ही शब्द खोटे नाहीत. तरीही त्यांपैकी एकच लिहून कागद मिटला, तर खरा आजार त्या कागदावर कोठेच उरत नाही.

असाच एक तरुण डिसेंबर १९०४ मध्ये शिकागोच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात दाखल झाला होता. वॉल्टर क्लेमेंट नोएल त्याचे नाव; वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी आलेला, वय वीस. त्याला तपासले अर्नेस्ट आयर्न्स या इंटर्नने. आयर्न्सने त्याची संपूर्ण हकिगत लिहून घेतली, पायांवरील व्रणांची नोंद केली आणि रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गोल दिसायला हव्या होत्या त्या तांबड्या पेशींपैकी कित्येक लांबट, निमुळत्या, चमत्कारिक आकाराच्या होत्या. याचा अर्थ काय, हे त्याला ठाऊक नव्हते. कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते नव्हते. त्याने जे दिसले ते लिहिले, त्याची रेखाटने केली आणि आपले वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांना दाखवले.

या दोघांनी नोएलचा सुमारे अडीच वर्षे पाठपुरावा केला. तो पुनःपुन्हा आजारी पडे आणि दर वेळी नोंदींत भर पडे. १९१० मध्ये हेरिक यांनी ही केस प्रसिद्ध केली. त्या निबंधाच्या शीर्षकात रोगाचे नाव नाही. तीव्र रक्तक्षयाच्या एका रुग्णात आढळलेल्या लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशी, एवढेच त्यात म्हटले आहे. हेरिक यांनी अनेक शक्यतांची चर्चा केली, निदानाचा प्रश्न खुला ठेवला आणि अशाच आणखी केसेस पुढे आल्या तरच उलगडा होईल असे सुचवले. दोन वर्षांनी, १९१२ मध्ये, हृदयाच्या रोहिणीत गुठळी होण्याच्या विकाराचे जिवंत रुग्णातील निदान मांडून याच हेरिक यांनी मोठा लौकिक मिळवला. अशा चिकित्सकाने 'मला कळले नाही' हे छापून ठेवले, म्हणूनच इतरांना आपल्या रुग्णांत तेच चिन्ह ओळखता आले. दुसरी केस १९११ मध्ये व्हर्जिनियातून आली, तिसरी १९१५ मध्ये सेंट लुईसहून. 'सिकलसेल ॲनिमिया' हे नाव रूढ झाले ते १९२२ मध्ये, चौथ्या केसच्या वेळी. नोएल तोवर हयात नव्हता. मायदेशी परतून त्याने दंतवैद्यकाचा व्यवसाय केला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. हेरिक यांच्या निबंधात तो निनावी होता. इतिहाससंशोधकांनी त्याचे नाव शोधले ते कित्येक दशकांनंतर, जुन्या कागदपत्रांच्या आधारे.

चांगल्या नोंदीचे बळ येथे दिसते. तिची मर्यादाही लगेच पुढे आली. पहिले चारही रुग्ण कृष्णवर्णीय होते. चार नोंदींवरून वैद्यकाने 'हा कृष्णवर्णीयांचा आजार' असा निष्कर्ष काढला आणि तो अनेक वर्षे शिकवला गेला. रोग एका वंशाचाच मानला की दुसऱ्या वंशाच्या रुग्णात तो शोधलाच जात नाही. शोधला नाही म्हणून सापडत नाही. आणि सापडत नाही म्हणून समज पक्का होतो. या वर्तुळाला भारताच्या बाबतीत छेद गेला तो १९५२ मध्ये, जेव्हा लेहमान आणि कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींमध्ये सिकल पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. आजार विदर्भात नव्याने आला नव्हता. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना संरक्षण देणारे हे जनुक येथे पिढ्यान्‌पिढ्या होतेच. घरोघरी 'वाताचे दुखणे', 'अशक्तपणा', 'मूल वाढत नाही' अशा शब्दांत ते बोललेही जात होते. त्या शब्दांना रक्ताच्या तपासणीची जोड तेव्हा कुठे मिळाली.

पुढे नवा समज तयार झाला : हा 'आदिवासींचा' आजार. प्रत्यक्षात विदर्भात आणि छत्तीसगडमध्ये तो अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही मोठ्या प्रमाणात आढळतो. आडनाव पाहून शंका घेणारा किंवा न घेणारा डॉक्टर १९२२ चीच चूक पुन्हा करत असतो.

मधल्या काळात भौतिक आणि रसायनशास्त्राने या आजारावर जे काम केले, ते विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित असते. लायनस पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये विद्युतक्षेत्रातील वेगवेगळ्या गतीवरून सिकलसेलचे हिमोग्लोबिन निराळे असल्याचे दाखवले आणि 'रेण्वीय आजार' ही संकल्पना जन्मास आली. १९५० च्या दशकात केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत व्हर्नन इनग्राम यांनी फरक एकाच अमिनो आम्लाचा असल्याचे दाखवले : ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. पाउलिंग यांना या प्रश्नाकडे वळवणाऱ्या संभाषणात एका निरीक्षणाचा उल्लेख होता. प्राणवायू कमी झाल्यावर विळ्याचा आकार घेतलेल्या पेशी ध्रुवीकृत प्रकाशात द्विअपवर्तन दाखवतात, म्हणजेच आतील रेणू विशिष्ट रचनेत मांडले गेले असावेत. हे निरीक्षण १९४० मध्ये केले होते आयर्व्हिंग शर्मन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने. १९०४ चा इंटर्न, १९४० चा विद्यार्थी : या आजाराच्या इतिहासातील दोन निर्णायक नोंदी सर्वांत कनिष्ठ हातांनी लिहिलेल्या आहेत.

मग असे लिहिणे शिकवता येते काय? १९६८ मध्ये अमेरिकन चिकित्सक लॉरेन्स वीड यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याचे उत्तर दिले. प्रयोगशाळेतील संशोधनाचा अनुभव असलेल्या वीड यांना रुग्णालयातील नोंदींतील अव्यवस्था खटकली. प्रत्येक रुग्णाच्या समस्यांची क्रमांकित यादी हवी आणि प्रत्येक समस्येखाली चार गोष्टी हव्यात, असा त्यांचा आग्रह होता : रुग्ण काय सांगतो, डॉक्टरला काय आढळते, त्यावरून काय वाटते आणि पुढे काय करायचे. आज जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी ही पद्धत शिकतात. तिच्यातील दुसरी अट मात्र कमी पाळली जाते. समस्या तेवढ्याच नेमकेपणाने लिहावी, जेवढे पुराव्याने सिद्ध झाले आहे. कारण कळलेले नसेल तर 'तीव्र रक्तक्षय, कारण अनिश्चित' असे लिहावे; अंदाजाला निदानाचा पोशाख चढवू नये. हेरिक यांनी १९१० मध्ये हेच केले होते.

आता आपल्या रात्री अकराच्या रुग्णाकडे परत येऊ. त्याच्या खिशातल्या जुन्या कागदावर 'सिकल पॉझिटिव्ह' एवढेच लिहिले आहे. या दोन शब्दांनी आपल्याकडे पुष्कळ नुकसान होते. प्राथमिक तपासणीसाठी वापरली जाणारी विद्राव्यता चाचणी वाहकातही सकारात्मक येते आणि रुग्णातही. वैदर्भीय बोलण्यात सांगायचे तर 'ए-एस पॅटर्न' आणि 'एस-एस पॅटर्न' यांतला भेद ती करू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. हा भेद न लिहिल्यास निरोगी वाहक मुलीचे लग्न मोडू शकते आणि खऱ्या रुग्णाला 'तू वाहकच आहेस' म्हणून घरी पाठवले जाऊ शकते. नुकतेच रक्त चढवलेले असेल तर दात्याच्या पेशींमुळे ही पक्की तपासणीही फसवू शकते. म्हणून चाचणीच्या कागदावर रक्त दिल्याची तारीख हवी. अगदी लहान बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त असल्याने विद्राव्यता चाचणी नकारात्मक येऊ शकते; म्हणून वय हवे.

शब्दांचा परिणाम मोजणीपर्यंत पोहोचतो. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत वेदनेच्या तीव्र झटक्यासह सिकलसेलचा संकेतांक डी ५७.०, झटक्याशिवायचा डी ५७.१ आणि वाहकाचा डी ५७.३ आहे. केसपेपरवर नुसते 'रक्तक्षय' असेल तर नोंद डी ६४.९ या अनिर्दिष्ट खात्यात जाते. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रातही तेच. त्यावर तात्कालिक कारण आणि त्यामागील मूळ कारण क्रमाने लिहायचे असते. तेथे 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडली' एवढेच लिहिले, तर मरण्याचा प्रकार कळतो, मूळ आजार कळत नाही. निर्मूलनाचे यश ज्या आकड्यांनी मोजायचे, त्यांतून तो माणूस निसटतो.

नोंदी नीट ठेवल्या तर काय घडते, याचे उदाहरण नागपुरातच आहे. भारतातील सिकलसेल सौम्य असतो, असे बराच काळ मानले जाई. नागपुरात मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला, तेव्हा अनेकांत तो तीव्र असल्याचे दिसले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी अशा मुलांना वजनाच्या किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे कमी व स्थिर मात्रेत, हायड्रॉक्सियुरिया देऊन वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते असे दाखवले. 'झटके कमी झाले' हे सिद्ध करायला आधीचे झटके मोजलेले असावे लागतात. ते मोजले होते, म्हणून औषधाची उपयुक्तता कळली.

म्हणून प्रशिक्षणात तरुण डॉक्टरला सिकलसेलचे निदान शिकवताना काही प्रश्न लिहिण्याची सवय लावणे आवश्यक आहे. पॅटर्न कोणता आणि कोणत्या चाचणीने ठरला? वर्षात किती झटके आले? शेवटचे रक्त कधी चढवले? प्लीहा हाताला लागते काय? लसी व हायड्रॉक्सियुरिया चालू आहेत काय? आता प्राणवायूची पातळी किती? छातीत दुखत असेल तर हा साधा न्यूमोनिया की सिकलसेलचा छातीतील गंभीर उपद्रव? गर्दीच्या रुग्णालयात वेळ नसतो, हे खरेच आहे. पण या सात प्रश्नांची उत्तरे एकदा डिस्चार्ज कार्डवर उतरली, तर पुढच्या रात्री दुसऱ्या डॉक्टरचा वेळ वाचतो आणि रुग्णाला आपली वेदना पुन्हा पहिल्यापासून पटवून द्यावी लागत नाही.

नागपूर आणि रायपूर यांमध्ये सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर आहे. कामासाठी, लग्नकार्यासाठी, उपचारासाठी माणसे या मार्गावर सतत ये-जा करतात. त्यांचे रक्त त्यांच्याबरोबर जाते, कागद बहुधा घरी राहतात. ज्यांच्या घरात कोणाची सिकलसेल तपासणी झाली असेल, त्यांनी आज तो कागद काढून पाहावा. त्यावर पॅटर्न स्पष्ट लिहिलेला नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून तो लिहून घ्यावा.