पेन्शन आणि पाणवठा

लष्करातून निवृत्त झालेला मनुष्य गावी परतला की त्याचा मान वाढतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या फौजेतून परतणाऱ्या महार सैनिकाचा अनुभव याच्या नेमका उलट होता. पलटणीत हवालदार, जमादार, सुभेदार म्हणून वावरलेला हा मनुष्य गावाच्या वेशीत शिरताच पुन्हा अस्पृश्य ठरे. ज्या हातांनी बंदूक चालवली, त्या हातांना सार्वजनिक पाणवठा वर्ज्य होता.

मात्र फौजेत गेलेला आणि फौजेतून परतलेला मनुष्य एकच नव्हता. लष्करी शाळांमुळे त्याला अक्षरओळख झालेली असे, आणि गावच्या बलुत्यावर अवलंबून नसलेले पेन्शन त्याच्या हाती येई. कोकणात दापोलीसारख्या ठिकाणी अशा पेन्शनरांची वस्ती झाली. महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर प्रथम दापोलीस आणि पुढे साताऱ्यास आले.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर 1886 मध्ये निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झाले. 1888 मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेचा आधारच धर्ममार्तंडांपुढे प्रश्नांकित केला. पण थोड्याच वर्षांत, 1892 च्या सुमारास, ‘लढवय्या जातीं’च्या नव्या धोरणामुळे महारांची लष्करभरती थांबली. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून वलंगकरांनी 1894 मध्ये जो अर्ज तयार केला, त्यात आपण मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा आहे. जन्मावरून ठरणारी उच्चनीचता ज्याने नाकारली, त्यालाच सरकारदरबारी जन्माचा दाखला द्यावा लागला. यास वैचारिक विसंगती म्हणता येईल. परंतु जो दरवाजा बंद होत होता, त्याची चौकट सरकारने जातीचीच बनवली होती, हे विसरून चालणार नाही.

सुभेदार पदाला गावात काय किंमत होती, हे 1901 मध्ये रामजींच्या मुलांनी पाहिले. वडील तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटण्यासाठी निघालेली, नीटनेटक्या पोशाखातली ही मुले मसूर स्थानकावर उतरली. जात कळताच गाडीवाले मागे हटले. अखेरीस दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकावी या अटीवर. वाटेत त्यांना पिण्यास पाणी मिळाले नाही. या मुलांपैकी एक म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला.

परतलेला सैनिक समाजाशी कितपत जुळवून घेऊ शकला, असा प्रश्न इतिहासकार सहसा विचारतात. येथे तो अपुरा पडतो. जुळवून घेणे म्हणजे पाणवठ्यापासून दूर उभे राहणे, एवढाच त्याचा अर्थ होता. वलंगकरांसारख्या पेन्शनरांनी ते नाकारले. 1941 मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली आणि भरतीचा प्रश्न मार्गी लागला. पाणवठ्याचा लढा मात्र 1927 मध्येच महाडच्या चवदार तळ्यावर येऊन पोहोचला होता, आणि त्याचे नेतृत्व एका सुभेदाराचा मुलगा करीत होता.