कवटीचे सांधे अकाली जुळणे : मुलांमधील दृष्टिदोष

नवजात बाळाच्या कवटीची हाडे एकसंध नसतात. त्यांच्यामधल्या सांध्यांमुळे वाढत्या मेंदूला जागा मिळते. एखादा किंवा अनेक सांधे वेळेआधीच जुळले की डोक्याचा आकार बिघडतो. साधारण २,००० ते २,५०० बाळांमागे एकात हा दोष आढळतो. डोके गोल व्हावे म्हणून आपल्याकडे तेल लावून चोळतात. पण जुळलेला सांधा मालिशने सुटत नाही, आणि त्यात तपासणीचा मोलाचा काळ जातो.

डोळ्यांना मोठी झळ बसते ती ऑक्ताव्ह क्रूझाँ या फ्रेंच वैद्यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या, या दोषाच्या आनुवंशिक प्रकारात. खोबणी उथळ राहिल्याने डोळे बाहेर येतात, झोपेतही पापण्या पुरत्या मिटत नाहीत. बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडतो, त्यावर जखम होऊन फूल पडू शकते. दिवसा थेंब आणि रात्री मलम हा त्यावरचा पहिला उपाय. क्वचित रडताना किंवा पापणी ओढताना डोळा पापण्यांच्या पुढे निसटतो. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.

कपाळाच्या एकाच बाजूचा सांधा जुळला, तर अनेकदा तिरळेपणा येतो. मूल मान कलती करून पाहते आणि दोष मानेचा समजला जातो. चष्म्याचा तिरपा नंबर बहुधा विरुद्ध बाजूच्या डोळ्याला जास्त असतो. मेंदू त्या डोळ्याचे अंधूक चित्र स्वीकारत नाही आणि डोळा आळशी बनतो. नजर अधू होण्यामागे हे कारण वारंवार आढळते, शिवाय ते टाळता येण्याजोगे आहे : वेळेवर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी.

कवटीतील दाब वाढला, तर दृष्टीची नस सुजते, पुढे सुकते. गेलेली नजर मग परत येत नाही. लहान मुलांत दाब वाढूनही नसेची सूज दिसेलच असे नाही. म्हणून एकदा डोळ्याचा आतला पडदा तपासून निर्धास्त होणे धोक्याचे आहे.

कवटीची शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या वर्षातच करतात. तिने मेंदूला जागा मिळते; तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबर मात्र बऱ्याचदा तसेच राहतात. त्यामुळे डोक्याचा आकार सुधारला तरी पालकांनी नेत्रतपासणी बंद करू नये.