बैलाच्या डोळ्यातला सातवा स्नायू

माणसाचा डोळा सहा स्नायू फिरवतात. बैलाच्या डोळ्याला सातवाही असतो. चार सरळ आणि दोन तिरके हे सहा दोघांना सारखेच. सातवा नेत्रगोलाच्या मागे दृष्टिचेतेभोवती नरसाळ्यासारखा बसलेला असतो आणि गोल खोबणीत आत ओढतो. पोळ्याला वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात काय किंवा वऱ्हाडातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, शिंगे रंगवताना रंगाचा शिंतोडा डोळ्यात उडाला की त्याचे काम बघायला मिळते. डोळा आत जातो आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून फिकट गुलाबी तिसरी पापणी बुबुळावर सरकते. या पापणीला कोणी ओढत नाही. गोल मागे गेल्याने खोबणीतली चरबी दाबली जाते आणि तिच्या रेट्याने पापणी पुढे येते.

या स्नायूने शरीरशास्त्रज्ञांना शतकानुशतके फसवले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलनला माणसाचे शव फाडण्याची मुभा नव्हती. त्याने माकडे, डुकरे आणि बैल फाडले व तिथे दिसलेले माणसालाही लागू केले. 1543 मध्ये वेसेलियसने मानवी शरीररचनेवरचा आपला ग्रंथ छापला. गेलनचे शरीरशास्त्र जनावरांवरून बेतलेले आहे, हे दाखवून देणारा हाच माणूस. पण डोळ्यापाशी येताच त्यानेही माणसाच्या खात्यात सातवा स्नायू जमा केला. चूक निस्तरली ती फॅलोपियसने, 1561 मध्ये. हा स्नायू चतुष्पादांचा आहे, माणसाचा नाही, असे त्याने सांगितले. शिवाय वरच्या तिरक्या स्नायूचा कंडरा ज्या कप्पीवरून वळतो तीही त्याने वर्णिली.

स्नायू मोजून झाले, पण त्यांना हुकूम कोण देतो हे कळायला आणखी वेळ लागला. विलिसने 1664 मध्ये आणि झ्योमरिंगने 1778 मध्ये मेंदूतून निघणाऱ्या चेतांची मांडणी केली. आजची बारा जोड्यांची यादी झ्योमरिंगची. त्यांतल्या तीन जोड्या डोळा फिरवतात. तिसरीकडे चार स्नायू, चौथीकडे कप्पीवरचा एकच, सहावीकडे बाहेरचा सरळ स्नायू. बैलाचा सातवा स्नायूही सहावीच्याच ताब्यात असतो. गुराच्या डोळ्याची शस्त्रक्रिया करताना पशुवैद्य खोबणीच्या तळाशी भुलीचे औषध सोडतो, तेव्हा हे सारे स्नायू एकदम सैलावतात आणि डोळा पुढे येतो. औषध योग्य जागी पोचल्याची ती खूण.

1893 मध्ये शेरिंग्टनने माकडाच्या एका डोळ्याच्या तिसऱ्या व चौथ्या चेता कापल्या. त्या डोळ्यात बाहेर खेचणारा स्नायूच तेवढा चालू राहिला आणि डोळा बाहेर वळला. मग त्याने मेंदूच्या बाह्यकाला अशा जागी विजेचा चटका दिला, की दोन्ही डोळे एकत्रच त्याच्या विरुद्ध बाजूला वळावेत. नाकाकडे ओढणारा स्नायू निकामी, तरीही तो डोळा मध्यरेषेपर्यंत आला. म्हणजे एका स्नायूला 'ओढ' सांगताना मेंदू त्याच्या प्रतिस्पर्ध्याला 'सोड' असेही सांगतो. इतक्या साध्या मांडणीतून इतका मोठा नियम क्वचितच निघाला असेल.

मेंदूतल्या कोणत्या पेशी कोणत्या स्नायूच्या, हा हिशेब 1970च्या दशकात लागू लागला. हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे विकर स्नायूत टोचले, की चेतातंतू ते उलट वाटेने पेशीपर्यंत वाहून नेतात आणि पेशी रंगवून ओळखता येते. मांजर व सशात सातव्या स्नायूच्या बऱ्याच पेशी सहाव्या चेतेच्या मुख्य केंद्रात नव्हे, तर शेजारच्या एका उपकेंद्रात सापडल्या. बुबुळाची संवेदना आणणाऱ्या चेतेशी या उपकेंद्राचा जवळचा संबंध आहे. नजर फिरवणे हे मुख्य केंद्राचे काम, डोळा वाचवणे उपकेंद्राचे. माकडात या स्नायूचा बारीकसा अवशेष उरतो. माणसात बहुधा तोही नाही. सशाची तिसरी पापणी मात्र प्रयोगशाळेत गाजली. 1960च्या दशकात गोर्मेझानो यांनी तिच्यावर शिकण्याचे प्रयोग उभे केले, आणि त्यातून पुढे लहान मेंदूचा अभ्यास वाढला.

पेशी प्रत्यक्ष काय बोलतात हे 1970 मध्ये डेव्हिड रॉबिन्सनने जाग्या माकडात टिपले. डोळा जितका स्नायूच्या ओढीकडे वळलेला, तितके पेशीचे स्पंद जलद. नजर झटक्यात उडवायची तर आधी स्पंदांचा भडिमार, मग नव्या जागी डोळा धरून ठेवणारा स्थिर वेग. मांजरातही नमुना हाच निघाला.

सशाचे डोळे बाजूंना, मांजराचे व माकडाचे समोर. तरी कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांशी डोळ्याच्या स्नायूंचे नाते सगळीकडे टिकून आहे. डोके हलले की नलिका, मेंदूतले मधले केंद्र आणि स्नायूची पेशी अशा तीनच पेशींच्या साखळीने डोळा उलट फिरतो, हे 1933 मध्ये लोरेन्ते दे नो यांनी मांडले. काम मात्र प्राण्यागणिक बदलते. शेळ्या, मेंढ्या व घोडे चरायला मान खाली घालतात तेव्हा त्यांचे डोळे खोबणीत 50 अंश किंवा त्याहून अधिक फिरतात आणि आडवी बाहुली जमिनीला समांतर राहते, असे 2015 च्या एका अभ्यासात दिसले. माणसाने डोके खांद्याकडे कलते केले, तर त्याचा डोळा असा जेमतेम काही अंश फिरतो.