अंशतः खरे आहे...

बाळापूर म्हटलं की किल्ला, मिर्झाराजांची छत्री आणि मन-म्हैस नद्यांचा संगम. तालुक्यातल्या कितीतरी गावांची आणखी एक ओळख पाहुण्याला पहिल्याच घोटात कळते... खारं पाणी! पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय.

हे गाऱ्हाणं सांगायचं कोणाला? इंग्रजांच्या काळी कौन्सिल नागपूरला. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, म्हणून इथून निवडून आलेल्या सभासदाचीही वर सरकारकडून नेमणूक व्हायची! १९५६ साली आपण मुंबई राज्यात गेलो आणि राजधानी लांब पडली. पण २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं होतं. १९६० पासून हिवाळी अधिवेशन तिथं भरू लागलं. बाळापूरहून मुंबईच्या साधारण निम्मं अंतर. आमच्या काकांसाठी तेवढं पुरे होतं.

नव्वदच्या दशकात काका पहिल्यांदा आमदार निवासावर गेले ते दीडशे सह्यांचं निवेदन घेऊन. दोन मिनिटं भेट, "बघतो", संपलं. पुढच्या वर्षी ते साहेबांची वाट न बघता त्यांच्या स्वीय सहायकाजवळ बसले. तो म्हणाला, "काका, सह्या राहू द्या. योजना कधी मंजूर झाली, काम कुठं अडलं, तेवढं एका पानात द्या. अन् अधिवेशनाच्या लय आधी द्या. इथं येऊन प्रश्न लागत नसते."

काकांनी पान दिलं. त्यात एका गावाचा आकडा चुकला. घरी आल्यावर ते लक्षात आलं, तर दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं जाऊन स्वतः सांगून आले. माझ्या मते खरी ओळख तिथं झाली. त्या माणसाकडे काकांनी कधी बदली मागितली नाही की नोकरी. काम झालं नाही तरी दिवाळीला पोस्टकार्ड मात्र जायचं.

पुढं तारांकित प्रश्न लागला. "हे खरे आहे काय?" सरकारी उत्तर आलं, "हे अंशतः खरे आहे."

आम्ही पोरं हसलो. काका म्हणाले, "हासू नका बाप्पा. आतालोक कागदावर आपण खोटेच होतो."

पाणी त्यानं आलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार ६९ गावांच्या पाणी योजनेसाठी खारं पाणी घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले, तेव्हा काकांची आठवण झाली. मोर्चा पेपरात येतो, आणि यायलाच हवा. पण नंतर मंत्र्याला नेमकं काय विचारायचं, ते कोणीतरी टेबलावर बसून लिहितोच ना? त्या माणसाचं नाव कुठंच छापत नाहीत.

काकांच्या ट्रंकेत त्या उत्तराचा कागद अजून आहे. 'अंशतः' खाली निळ्या शाईची रेघ.