दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर आणि एक प्रश्न : "अ‍ॅव्हरेज किती देते?"

आपल्याकडे नवीन गाडी घेऊन कोणी आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. रंग नाही, वेग नाही, ब्रेक तर नाहीच नाही. "अ‍ॅव्हरेज किती देते?" या एका प्रश्नाने भारतातली एक भन्नाट मोटरसायकल संपवली. आजचा लेख तिच्याबद्दल. राजदूत ३५०, म्हणजेच यामाहा आरडी ३५०.

राजदूत म्हटलं की जुन्नर-आंबेगावकडच्या माणसाला वेगळीच गाडी आठवते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली, फट-फट-फट आवाज करत बांधावरून जाणारी राजदूत १७५. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून ती बनवली आणि १९६२ च्या सुमारास बाजारात आणली. दणकट, साधी, एका सिलिंडरची. स्पॅनर आणि पक्कड असली की कोणीही उघडावी.

त्याच एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये त्याच राजदूत नावाखाली जे आणलं, ते मात्र पूर्ण वेगळं जनावर होतं. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर आणि दोन मिकुनी कार्बोरेटर. ज्या काळात आपल्या रस्त्यावर बहुतेक स्कूटर होत्या, तेव्हा तीस हॉर्सपॉवरची मोटरसायकल! आजच्या भाषेत सांगायचं तर सगळे डायल-अप वापरत असताना एकाच्या घरी फायबर यावं, तसं.

पण ही गाडी आली तेव्हाच दहा वर्षं उशीर झाला होता. यामाहाने आरडी ३५० जगात आणली १९७३ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळपास चौपट झाल्या. म्हणजे पेट्रोल स्वस्त आहे हे गृहीत धरून बनवलेलं हे इंजिन जन्मतःच कालबाह्य व्हायला लागलं. जपानने काही वर्षांतच मॉडेल बदललं. आपल्याकडे मात्र लायसन्स-परमिटच्या चाळणीतून गळत गळत ते १९८३ ला पोचलं.

येताना काटछाटही झाली. जपानी गाडीची सुमारे ३९ हॉर्सपॉवर इथे साधारण ३० वर आली. पुढचा डिस्क ब्रेक गेला, ड्रम आला. पुढे 'लो टॉर्क' नावाने आणखी मवाळ, २७ हॉर्सपॉवरची आवृत्ती निघाली. कारण? अर्थात अ‍ॅव्हरेज!

तेवढ्यात बाजार बदलला. १९८४-८६ या काळात इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहाचीच आरएक्स १०० आणि आपल्या आकुर्डीच्या बजाजची कावासाकी केबी १००, अशा शंभर सीसीच्या गाड्या आल्या. हिरो होंडा तर लिटरला ऐंशी किलोमीटरची जाहिरात करत होती. आता सांगा, राजदूत ३५० कोण घेणार? दशक संपता संपता ती बंद झाली. मागे उरलं 'रॅपिड डेथ' हे टोपणनाव. तीस हॉर्सपॉवर आणि ड्रम ब्रेक हे समीकरण बघता ते अगदीच खोटं नव्हतं.

असो. हा इतिहास मला पुस्तकातून कमी आणि कार्बोरेटरमधून जास्त कळला. त्याचं असं झालं, की मंचरच्या पुढे एका बागायतदार काकांच्या गोठ्यात अशी एक गाडी उभी आहे, असं मित्राकडून कळलं. एमएच पाट्या १९८९ मध्ये सुरू झाल्या, त्याच्या आधीची तीन अक्षरी पाटी. टाकीवर कोंबड्यांनी बरीच वर्षं मुक्काम केलेला. काका म्हणाले, "इंजन एकदम ओके हाय. फक्त कार्बोरेटरचा थोडा प्रॉब्लेम हाय."

मंडळी, जुन्या गाड्यांच्या दुनियेत हे वाक्य म्हणजे आमच्याकडच्या "माझ्या मशीनवर तर चालतंय" सारखं आहे. :) तरीही गाडी घेतली. टेम्पोत घालून नारायणगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी कार्बोरेटरला हातसुद्धा लावला नाही. आधी दोन्ही प्लग काढले. डावा पांढराफटक, उजवा काळाकुट्ट आणि तेलकट.

प्लगचा रंग म्हणजे इंजिनाची लॉग फाइल. चॉकलेटी असेल तर ठीक. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. काळा म्हणजे उलटं, किंवा तेल जळतंय. मिस्त्री म्हणाले, "ही बैलजोडी आहे. एक उपाशी, एक आजारी. गाडा सरळ कसा जाणार?" ज्या भागात बैलगाडा शर्यतींचे घाट आहेत, तिथे यापेक्षा सोपं स्पष्टीकरण नाही.

मग एकेक उलगडत गेलं. डाव्या कार्बोरेटरमध्ये मूळ मापापेक्षा लहान मेन जेट होता. कधीतरी कोणीतरी अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून टाकलेला! शिवाय कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबर तडकलेला, तिथूनही हवा आत शिरत होती. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल नुसतं जळत नाही, आत येताना ते इंजिन थंडही करतं. ते कमी पडलं की पिस्टन तापून फुगतो आणि सीज होतो. नाशिक हायवेवर ऐंशीच्या वेगात असं झालं तर मागचं चाक जागीच लॉक. म्हणजे लिटरमागे दोन-चार किलोमीटर वाचवण्यासाठी कोणीतरी चालवणाऱ्याचा जीव गहाण टाकला होता.

उजव्या बाजूचं दुखणं तर कार्बोरेटरचं नव्हतंच. या इंजिनात क्लच उजवीकडे असतो. त्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलं की गिअरचं तेल आत ओढलं जातं आणि जळतं. बाहेर धूर, आत काळा प्लग. लोक मात्र वर्षानुवर्षं कार्बोरेटर साफ करत बसतात. शेवटी इंजिन उतरवून सील बदलली, दोन्हीकडे सारखे जेट आणि नवे रबर टाकले आणि मग दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातील अशा केबल जुळवल्या. सगळ्यात जास्त वेळ या जुळवणीलाच लागला.

गाडी सुरू झाली हे खरं, पण पुढचा पेच जास्त मोठा आहे. तो आहे पेट्रोलचा. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. साध्या पेट्रोलला जाळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा पटीच्या आसपास. म्हणजे त्याच हवेसाठी पेट्रोल सुमारे आठ टक्के जास्त हवं. नवीन गाडीत सेन्सर आणि कॉम्प्युटर ते जुळवून घेतात. जेटचं भोक मात्र १९८३ मध्ये होतं तेवढंच राहतं! त्यात इथेनॉल जुने रबर खातं आणि ओलावा शोषतं. गंमत अशी, की हे इथेनॉल ज्या उसापासून होतं तो जुन्नर-आंबेगावच्याच शिवारात डोलतोय. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन्ही साखर कारखाने याच पट्ट्यातले. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळावेत की नाही? मिळावेतच. पण जुन्या इंजिनांसाठी वेगळं पेट्रोल किंवा निदान पंपावर स्पष्ट सूचना, एवढं मागण्यात काय गैर आहे?

कायद्याचंही तसंच. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' दर्जा दिला. पण १९८३ ची राजदूत पन्नाशीची होणार २०३३ मध्ये. तोपर्यंत ती कायद्याच्या नजरेत वारसा नाही, नुसती जुनी गाडी. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी तपासणी आणि फी. अर्थात तक्रार कुठे करणार? जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळापासून मालावर जकात घेत असत, असं सांगतात. तो दगडी रांजण अजून तिथे आहे. वाहतुकीवरचा कर या मातीला नवीन नाही!

मला खरी काळजी वेगळीच वाटते. नियम बदलता येतात, जेटही मागवता येतात. प्लगचा रंग बघून रोग ओळखणारी माणसं मात्र तालुक्याच्या गावांत एकेक करून दुकान बंद करतायत. मुलं इंजेक्शनच्या गाड्या शिकतात, तेच योग्य आहे, पोट त्यावरच चालणार. पण २०३३ मध्ये सरकार या गाड्यांना वारसा म्हणेल, तेव्हा त्या सुरू कोण करणार? म्हणून सध्या शनिवारी मी वही घेऊन मिस्त्रींकडे बसतो आणि ते सांगतात ते लिहून घेतो. कुठला जेट, किती फेरे, कुठला आवाज म्हणजे काय. तुमच्या गावाकडे असं कोणी असेल तर जा, बसा, लिहून घ्या. डॉक्युमेंटेशन नसलेल्या जुन्या सिस्टिमचं काय होतं, हे आपल्या धंद्यात वेगळं सांगायला नको.

आणि हो, अ‍ॅव्हरेज : लिटरला बावीस.