निकोलाय आंद्रियानोव्ह

पदकांच्या गणतीनें कसरतपटूची किंमत करावयाची, तर निकोलाय आंद्रियानोव्हचें नांव फारच वर लागेल. १९७२ ते १९८० या काळांतील तीन ऑलिंपिक सामन्यांत त्यानें १५ पदकें मिळविलीं, त्यांत ७ सुवर्णाचीं. २००८ सालीं मायकेल फेल्प्स पुढें जाईपर्यंत पुरुषांत हा उच्चांक होता.

मॉस्कोच्या पूर्वेस व्लादिमीर म्हणून जुनें शहर आहे. तेथें १९५२ सालीं त्याचा जन्म झाला. बाप कुटुंब सोडून गेलेला. घरांत आई व चार बहिणी. क्रीडाशाळेंत तो प्रथम गेला तो अकराव्या-बाराव्या वर्षीं, म्हणजे या विद्येच्या हिशेबानें उशिराच. तेथील शिक्षक निकोलाय तोल्काचोव्ह यांनीं त्याच्या कसरतीइतकीच शाळेच्या अभ्यासावरहि देखरेख ठेविली. कांहीं काळ त्याला आपल्या घरींच ठेवून घेतलें. पुढील सारें वैभव या एका कृतीवर उभें आहे, असें आम्हांस वाटतें.

त्या काळीं पुरुषांच्या कसरतींत जपानचें राज्य होतें. १९६० पासून ऑलिंपिकमधील सांघिक सुवर्णपदक त्यांच्या हातून सुटलें नव्हतें. १९७६ सालीं माँट्रिअल येथें आंद्रियानोव्हनें वैयक्तिक अजिंक्यपद जिंकलें, तें सावाओ कातोला पूर्ण एका गुणानें मागें टाकून. जेथें निकाल गुणाच्या दशांशांवर लागतात, तेथें हें अंतर केवढें! तिसरा आला मित्सुओ त्सुकाहारा. तरी सोव्हिएट संघ मात्र अवघ्या ०.४० गुणांनीं जपानच्या मागें राहिला. १९८० सालीं मॉस्कोंत सांघिक सुवर्णपदक मिळालें खरें, पण बहिष्कारामुळें जपान तेथें आलेंच नव्हतें. आदल्या वर्षीं जागतिक स्पर्धेंत याच प्रतिस्पर्ध्यांना सोव्हिएट संघानें समोरासमोर हरविलें होतें. म्हणून त्या पदकास कमी लेखण्याचें कारण नाहीं.

आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो यानंतरचा भाग. १९९४ सालीं त्सुकाहारानें आपल्या या जुन्या प्रतिस्पर्ध्यास जपानला बोलाविलें आणि स्वतःचा मुलगा नाओया त्याच्या हातीं दिला! स्वतः त्सुकाहारा कांहीं लहान असामी नव्हे. घोड्यावरील एका उडीला आजहि त्याचें नांव आहे. आठ वर्षें आंद्रियानोव्हनें त्या मुलास शिकविलें. २००४ सालीं अथेन्स येथें जपाननें २८ वर्षांनीं सांघिक सुवर्णपदक परत मिळविलें, त्या संघांत नाओया होता.

गुरु तेव्हां व्लादिमीरला परतला होता. पुढें मज्जासंस्थेच्या असाध्य विकारानें त्याच्या हातापायांची शक्ति गेली, वाचाहि गेली. २१ मार्च २०११ रोजीं, वयाच्या ५८ व्या वर्षीं, त्याच शहरांत त्याचा अंत झाला.